टर्बोचं तेल जातं कुठे?

"पुन्हा पाव लिटर गायब!" तेलाची पट्टी उजेडात धरून चष्मा ओरडला. "मामा, कालच भरलं होतं ना रे?"

"नवं इंजिन आहे, बाळसं धरतंय. तेल पिणारच!" मामाने बाटली उलटी केली आणि गुळगुळ आवाज करत तेल ओतलं.

"मग दुधाची बाटली दे की!" रेडिओ म्हणाली. "नाहीतर झोळीत घालून झोके दे! नाहीतर..."

"रेडिओ, आवाज कमी!" मामा आणि चष्मा एकदमच म्हणाले.

सुट्टी लागली की ही भावंडं मामाकडे येत. नाकावर कायम चष्मा, म्हणून चष्मा हेच नाव पडलेला भाऊ बारा वर्षांचा. रेडिओ त्याच्यापेक्षा वर्षाने लहान आणि नावाला जागणारी. मामाची मुलगी मुंगी नऊ वर्षांची. अंगाने एवढीशी, पण एकदा पाय रोवले की हलायची नाही. यंदा मात्र पत्ते, पोहणं सगळं बाजूला पडलं होतं. कारण घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मामा मोटरसायकलला टर्बो बसवत होता!

टर्बो भंगारात निघालेल्या एका छोट्या गाडीचा होता. "इंजिनातून जो धूर वाया जातो ना," मामा हात हलवत समजावून सांगायचा, "त्याच्यावर एक चक्र फिरवायचं. त्याच दांड्यावर दुसरं चक्र. ते हवा कोंबून कोंबून इंजिनात भरतं. जास्त हवा, जास्त ताकद! आणि तो दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो, लाखभर! म्हणून त्याला सतत तेल लागतं." या हौसेपायी मामीच्या ओव्हनमध्ये बेअरिंग भाजून निघाले होते आणि केकच्या भांड्यात नटबोल्ट नांदत होते. मामीने बोलणं सोडलं होतं. ती नुसती भांडी आपटायची.

खरं सांगायचं तर चष्म्याला त्या टर्बोची भीती वाटायची. इंजिन चालू झालं की आधी नेहमीचा फटफट आवाज, आणि मग त्याच्या आतून एक बारीक शीळ वर वर चढत जायची. ती ऐकली की तो दोन पावलं मागे सरायचा. पण हे बोलणार कुणाला? मामाचा दोस्त, गॅरेजवाले काका, दिवसभर तिथेच ठाण मांडून असायचे. काहीही विचारा, त्यांचं उत्तर ठरलेलं, "फिकर नॉट!" मुलांनी त्यांचं नावच फिकर-नॉट काका ठेवलं होतं.

आज रविवार. दुपारी चार वाजता मामा कारखान्यामागच्या सरळ रस्त्यावर पहिल्यांदाच गाडी पळवणार होता. पूर्ण वेगाने!

"तेल चोरीला जातंय," मामा आत गेल्यावर रेडिओ कुजबुजली. "आणि चोर कोण, तेही मला माहितीये. फिकर-नॉट काका! स्वतःच्या स्कूटरमध्ये ओतत असणार!"

"नाही," मुंगी म्हणाली. "मी काल झाकणावर माझं फुलपाखराचं स्टिकर चिकटवलं होतं. आत्ता बाबाने झाकण उघडलं तेव्हाच ते फाटलं. त्याआधी कुणी हात लावला नव्हता."

"जमिनीवरही गळत नाहीये." चष्म्याने गाडीखाली पसरलेला वर्तमानपत्राचा कागद ओढून काढला. कोरडा ठणठणीत! "चोरी नाही, गळती नाही. मग पाऊण लिटर तेल गेलं कुठे? तीन वेळा इंजिन चालवलं, तीनदा तेल कमी झालं."

तिघं गाडीभोवती फिरली. सायलेन्सर लांबलचक होता आणि मागे वर उचललेला. चष्म्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने कपडे अडकवायच्या हँगरची तार सरळ केली आणि सायलेन्सरच्या तोंडातून आत खोल खुपसली. तार बाहेर आली ती हातभर काळ्या तेलाने माखून! थेंब टपाटप जमिनीवर पडले.

तेल गाडीच्या बाहेर गेलंच नव्हतं. ते सायलेन्सरच्या पोटात जाऊन बसलं होतं.

परवा नुसतं दहा मिनिटं इंजिन चालवलं तेव्हा याच नळीवर पाण्याचा थेंब पडून चर्रकन उडून गेला होता. आज तर गाडी पूर्ण वेगाने जाणार. नळी लालबुंद होणार, आत पाऊण लिटर तेल, आणि वर बसलेला मामा!

तार घेऊन तो धावतच स्वयंपाकघरात गेला. मामा आणि फिकर-नॉट काका चहा पीत होते.

"मामा, हे बघ! सायलेन्सरमध्ये तेल साठलंय! ते पेट घेईल!"

"अरे, थोडंफार तेल येतंच," फिकर-नॉट काका बशीत चहा ओतत म्हणाले. "जळून जाईल आपोआप. फिकर नॉट!"

"जळेल, तेच तर मी सांगतोय!"

"वा! मेकॅनिकसाहेब आले!" काका हसले. "भ्यायलास होय रे? मग चारला तू घरीच बस, मामीच्या पदराआड!"

चष्म्याचे कान तापले. मामा मात्र हसला नाही. त्या तारेकडे तो जरा जास्तच वेळ बघत राहिला. मग त्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, "चल, जा बरं. चार वाजता निघायचंय."

मोठ्या माणसांचं हे असं असतं. लहानांनी पसारा केला तर त्यांना शंभर प्रश्न पडतात. स्वतः पसारा केला की एकही पडत नाही.

तिघं शेडमध्ये परतली. "पण टर्बोतून एवढं तेल बाहेर येतंच का?" चष्मा डोकं खाजवत म्हणाला. "दांड्यापुरतंच जायला हवं ना?"

टर्बोत तेल सोडणाऱ्या नळीच्या तोंडाशी एक पितळी तुकडा होता. तेल त्याच्या भोकातून जायचं. टर्बो गाडीला जोडायची लोखंडी पाटी लेथवर, म्हणजे कातकामाच्या यंत्रावर, काम करणाऱ्या ओळखीच्या आजोबांनी करून दिली होती, आणि तिला तारेने एक चिठ्ठी बांधून पाठवली होती. मामाने ती वाचून पितळी तुकड्याला स्वतःच भोक पाडलं होतं. चिठ्ठी अजून भिंतीवर चिकटवलेली होती. चष्म्याने वाचली, "तेलाचं भोक नऊ ठेवणे."

"नऊ कुठंय?" मुंगी म्हणाली. "एक आहे."

"नऊ आहे! डोळे उघडून बघ!"

"तूच चष्मा पुसून बघ! हा एक आहे. आमच्या शाळेत असाच काढतात. वर गोल आणि खाली शेपटी!"

चष्मा इंग्रजी शाळेत जायचा. त्याच्या वहीत वर गोल आणि खाली शेपटी म्हणजे 9. मुंगी मराठी शाळेत. तिच्या वहीत तोच आकडा म्हणजे १. आणि हिशेब असो की फोन नंबर, मामा कायम इंग्रजी आकडेच लिहायचा!

"एक मिलिमीटर!" चष्मा पुटपुटला. "आणि मामाने पाडलं नऊ! नळ सोडल्यासारखं तेल टर्बोत जातंय आणि तिथून थेट सायलेन्सरमध्ये..."

रेडिओ काहीच बोलली नाही. रेडिओ बंद पडला, याचा अर्थ तीही घाबरली होती.

"आजोबांना फोन लाव!" मुंगी म्हणाली. लावला. रिंग वाजत राहिली. लेथच्या घरघराटात त्यांना फोन कुठला ऐकू जायला! घड्याळात सव्वातीन झाले होते.

"मी सायकलने जाते," रेडिओ एकदम म्हणाली. "आजोबांना घेऊनच येते. त्यांचं तरी ऐकतील. तोपर्यंत तुम्ही काहीही करा, पण गाडी बाहेर जाऊ देऊ नका!" आणि चप्पल न घालताच ती सुटली.

काहीही करा म्हणजे काय करा? चावी लपवली तर मामाकडे दुसरी होती. चष्म्याने मोठा श्वास घेतला, प्लगचा पाना उचलला आणि इंजिनात ठिणगी पाडणारा नवा प्लग सोडवून काढला. डब्यात एक जुना, काजळी धरलेला मेलेला प्लग पडला होता. तो जागेवर बसवला. घाईत आटे दोनदा चुकले. मामाच्या वस्तूला त्याने कधी न विचारता हात लावला नव्हता. दाराशी पहारा देणारी मुंगी खोकली, तेव्हा वायरची रबरी टोपी कशीबशी प्लगवर बसली होती.

"आता वाळू," तो दबक्या आवाजात म्हणाला. दोघांनी अंगणातल्या ढिगातून दोन बादल्या भरून आणल्या आणि दाराआड ठेवल्या.

बरोबर चारला मामा हेल्मेट घेऊन आला. गाडी अंगणात उभी केली. किक मारली. फुस्स! दुसरी, पाचवी, दहावी. फुस्स! मामा घामाघूम झाला. चष्मा मनात एकच घोकत होता, रेडिओ, लवकर ये. लवकर ये.

"प्लग बघ रे," फिकर-नॉट काका म्हणाले. त्यांनी स्वतःच प्लग काढला. "हा जुना प्लग इथे कसा?"

मामाने चष्म्याकडे पाहिलं. आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

"मी लावला," चष्मा म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ऐकू येईना. "मामा, त्या चिठ्ठीत नऊ नाहीये, एक आहे! आजोबांना विचार! पाच मिनिटं थांब फक्त!"

"पोरांनी आता गाडीत हात घालायला सुरुवात केली!" काका गरजले. "आणि तू थांबतोस कसला? सगळे दोस्त तिकडे रस्त्यावर वाट बघतायत. नवा प्लग नेहमी माझ्या खिशात असतो. फिकर नॉट!"

काकांनी तो प्लग बसवला. मामा क्षणभर घुटमळला. मग मान खाली घालून त्याने किक मारली. इंजिन धडाडलं!

फटफटीच्या आतून ती शीळ उठली. सायलेन्सरमधून निळापांढरा धूर येऊ लागला. बघता बघता अंगण धुराने भरलं. चष्म्याच्या डोळ्यांना धारा लागल्या. आणि फाटकात त्याला मुंगी दिसली. दोन्ही हात पसरून, पाय रोवून उभी!

"मुंगे, बाजूला हो!" मामा ओरडला.

"नाही होणार!"

"मस्ती करू नकोस, हो बाजूला!"

"नाही होणार! बाबा, तू उतर आधी!" ती रडत होती, पण तसूभरही हलली नाही.

"इंजिनाचा घसा मोकळा कर, धूर जाईल!" काकांनी सुचवलं. मामाने जागच्या जागीच मूठ पिळली. शीळ किंचाळली. सायलेन्सरच्या तोंडातून तेलाची पिचकारी मागच्या टायरवर उडाली आणि पुढच्याच क्षणी, भप्प! हातभर लांब ज्वाळा! जमिनीवर सांडलेलं तेलही पेटलं.

"मामा, उतर! पेट्रोल बंद कर!" चष्मा ओरडतच बादल्यांकडे धावला. त्याने पहिली बादली जमिनीवरच्या आगीवर रिती केली. मामाने पेट्रोलचा कॉक फिरवून उडी मारली. त्याच्या पँटची कड धुमसत होती. फिकर-नॉट काका कुंपणाला पाठ टेकून नुसते बघत राहिले. स्वयंपाकघरातून मामी ओली गोधडी घेऊन धावली आणि तिने ती मामाच्या पायांना गुंडाळली. चष्म्याने दुसरी बादली सायलेन्सरच्या तोंडावर ओतली. चर्र झालं. ज्वाळा एकदा बाहेर झेपावली, मग आत गेली, मग विझली.



तेवढ्यात एक जुनी स्कूटर फाटकात येऊन थांबली. पुढे लेथवाले आजोबा, मागे धापा टाकणारी रेडिओ. आजोबा लगेच गाडीजवळ वाकले. पाना मागितला, पितळी तुकडा सोडवला आणि खिशातली पेन्सिल त्याच्या भोकातून आरपार घातली.

"एक लिहिलं होतं मी," ते म्हणाले. "सुई जेमतेम जाईल एवढं. इथून पेन्सिल जातेय!"

"मी नऊ वाचलं," मामा हळूच म्हणाला.

"चूक माझीही आहे. आकडा अक्षरांत लिहायला हवा होता." आजोबांनी मागच्या टायरवरून बोट फिरवलं आणि तेलाने माखलेलं ते बोट सगळ्यांना दाखवलं. "रस्त्यावर असतास तर चाक घसरलं असतं आणि खाली आग. कुणी शोधून काढलं हे?"

"आकडा मुंगीने ओळखला, तेल चष्म्याने शोधलं, आणि मी तर सायकलवरून असली सुसाट..." रेडिओ सुरू झाली. आजोबांनी तिघांच्या पाठीवर थाप मारली. "एवढी नजर माझ्या निम्म्या कामगारांना नाही! शाबास!" मामीने तिघांना एकदमच जवळ ओढलं. फिकर-नॉट काका पुढे आले, "चुकलो रे पोरांनो" असं म्हणाले आणि रिकाम्या बादल्या उचलू लागले.

मामा पायरीवर बसला होता. मुंगी त्याच्या गळ्यात पडून हुंदके देत होती. चष्मा खाली मान घालून जवळ गेला. "मामा, प्लगबद्दल सॉरी."

"तू कसला सॉरी म्हणतोस?" मामा म्हणाला. "तू ती तार घेऊन आलास ना, तेव्हाच मला भीती वाटली होती. पण सगळ्यांसमोर भ्यालो असं कसं म्हणायचं, याची लाज वाटली. तू मात्र सांगून मोकळा झालास. काका हसले तरी पुन्हा सांगितलंस."

"आता वाटतेय का भीती?"

"खूप," मामा म्हणाला आणि त्याने आपले हात पुढे केले. ते लटपटत होते.

चष्म्याने आपले काळे झालेले हात त्यांच्या शेजारी धरले. तेही तितकेच लटपटत होते. मामाने ते घट्ट धरून ठेवले.