ओल्या सुंभातला गळा

“सुंभ वळता वळता, माझे झिजले गं हात;
लेकी, तुझ्या बांधावरी पिको तांबडा गं भात.”

भरतीचं पाणी चढलं की खाडीचा बांध गायला लागे. सातव्या खुंटापाशी द्वारकीची आई गायची. मध्येच खोकायची, “सैल सोडू नको गं,” म्हणून दटावायची. तिला जाऊन चार वर्षं झाली होती.

बांधाची माती धुपू नये म्हणून गावातल्या बायकांनी काथ्याचं सुंभ हातानं वळून जाळी केली होती आणि ती उतारावर अंथरली होती. तिच्या पिळांत एक बुरशी वाढवलेली होती, नादबुरशी. सुंभाला जसा हादरा बसे तशी तिच्या तंतूंची घडी पडे. ओल मिळाली की घडी उलगडे आणि तोच हादरा पुन्हा उमटे. माती सरकली तर जाळीनं सांगावं, एवढाच शास्त्रज्ञांचा बेत. बायका वळताना गातात, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

जाळी तपासायला येणाऱ्या डॉक्टर नाझनीन मुकादम दर खेपेला समजावत, ही टिकायची नाहीच. पाच वर्षांत कुजायची, तोवर गवताची मुळं माती धरतील. काथ्या म्हणजे सुईण. काम झालं की तिनं उठून जायचं.

तसा बाकीचा बांध हिरवा झाला, गाणी विरत गेली. सातव्या खुंटापाशी मात्र गळा खणखणीत आणि गवताची काडी नाही. “आमची आई जिवंतपणी कुणाचं ऐकत नव्हती, आता गवताचं ऐकेल होय?” द्वारकी हसण्यावारी न्यायची.

आज तिथे हात जाईल एवढी भेग पडली होती. अमावास्येचं उधाण तीन दिवसांवर. बांध फुटला तर शेतांत खारं पाणी, मग कित्येक वर्षं भात नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, बुरशीला रोग असेल तर सगळी जाळी काढावी लागेल, तेवढा वेळ नाही. कारण कळलं तर एवढाच तुकडा कापून नवी माती भरता येईल.

“द्वारकाताई, तुम्ही रोज इथे बसता. काही दिसलं?”

याआधी तीनदा ती नाही म्हणाली होती.

पाणी चढलं. आई गाऊ लागली. इतके दिवस द्वारकी नुसता गळा ऐकत आली होती. आज तिनं शब्द ऐकले: लेकी, तुझ्या बांधावरी पिको तांबडा गं भात.

“काजूच्या टरफलांचं तेल,” ती म्हणाली. “होडी कुजू नये म्हणून लावतात ते, त्यात गवतही रुजत नाही. दर उन्हाळ्यात मीच चोपडलं इथे. आईला कुजू द्यायचं नव्हतं मला, डॉक्टरबाई.”