डावीकडं जाणारा चेंडू

कुणाला खोटं वाटलं तर वाटू द्या. ज्या बाईसोबत हे घडलं ती माझी मावसबहीण आहे. तिनं मला हे सांगितलं तेव्हा मी तिच्या समोर बसलो होतो, आणि तिनं एकदाही माझ्याकडं बघितलं नाही.

२०१६ चा मे महिना. शहराला तेव्हा औरंगाबादच म्हणायचे. लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, तोच उन्हाळा. चिकलठाण्याच्या मागं, जिथं आधी ज्वारीची रानं होती, तिथं इमारतीवर इमारत उठत होती. नळ मात्र कोरडे.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे.

माझी बहीण सत्यशीला अशाच एका नव्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहायची. नवरा अभय बांधकामावर सुपरवायझर. ही इमारतही त्याच्याच देखरेखीखाली झालेली. बिल्डरनं खुश होऊन त्याला तिथंच फ्लॅट दिला होता.

तिचं माहेर लासूर स्टेशनजवळच्या वस्तीवरचं. मेंढरं राखणारं घर. वडील लवकर गेले. मागं आई, बानाबाई, आणि पाठचा भाऊ रामेश्वर. सगळे त्याला राम म्हणायचे.

इमारतीचं काम चालू होतं तेव्हा अभयनंच रामला साईटवर वॉचमन म्हणून लावलं. तेव्हा ते भाड्याच्या खोलीत राहायचे. राम बहिणीकडंच असायचा. एकदा त्यानं पैठण गेटच्या जुन्या मोबाईलवाल्याकडून हातात धरून खेळायचा एक व्हिडिओ गेम आणला. टचस्क्रीनवाला. आत एकच खेळ होता.

गोल्फ.

गोल्फ कशाशी खातात हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. पण स्क्रीनवर हिरवंगार माळरान पसरलेलं बघून राम हरखून गेला.

"अक्का, एवढं गवत, अन् एकबी मेंढरू नाय!"

मग बहीणभाऊ आळीपाळीनं खेळायचे. बोट खाली ओढायचं, की स्क्रीनवरची काठी मागं जायची; सपकन वर न्यायचं, की चेंडू उडायचा. एक फटका तिचा, एक त्याचा. रामचा चेंडू दर वेळी डावीकडं जायचा. कितीही सरळ मारला तरी डावीकडंच. सत्यशीला हसून हसून बेजार व्हायची.

आणि एक दिवस राम घरी आलाच नाही.

अभयनं सांगितलं, साईटवरची तांब्याची केबल चोरून पळाला. "मी मालकाच्या हातापाया पडलो, म्हणून पोलिसात गेलं नाय. आता त्याचं नाव काढू नका. माझी नोकरी जाईल."

बानाबाईला ते पटलं नाही. "माझं लेकरू दुसऱ्याच्या रानातली कणसं तोडत नव्हतं," एवढंच ती म्हणाली. पण सत्यशीलाला पटलं. नवरा कशाला खोटं बोलेल? ज्या भावाला अंगाखांद्यावर खेळवलं त्यानं आपल्या संसारावर चिखल उडवला, साधा फोनसुद्धा केला नाही... तिनं त्याला मनातून काढून टाकलं. तिसऱ्या वर्षाची राखीपौर्णिमा आली तरी तिच्या तोंडी त्याचं नाव नव्हतं.

त्या मे महिन्यात एका दुपारी ती जुनी ट्रंक आवरत होती. तळाशी तो गेम सापडला.

फेकून द्यायला उचलला. पण फेकवेना. तिनं चार्जिंगला लावला.

सुरू झाला...

अर्धवट राहिलेला डाव तसाच होता. तेच हिरवं माळरान. वर इंग्रजी अक्षरांत दोघांची नावं. पुढचा फटका रामचा होता.

गेम तसाच पलंगावर ठेवून ती पाणी प्यायला उठली. माठात तळाला वाटीभर उरलं होतं. टँकरचा पत्ता नव्हता.

परत आली, तर स्क्रीनवर फटका मारून झाला होता.

चेंडू हवेत होता...

डावीकडं चालला होता.

तिला वाटलं, चादर लागली असेल. ती बघत राहिली. चेंडू खाली आला, गवतात शिरला आणि...

डुबुक.

तिथं पाणी नव्हतं. स्क्रीनवर नुसतं गवत होतं. आणि आवाजही गेममधला वाटत नव्हता. खोल विहिरीत दगड पडावा तसा. घुमणारा.

तिनं गेम बंद केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं स्वतःलाच समजावलं, गेम जुना आहे, बिघडला असेल. पुन्हा लावला. आपला फटका मारला. मग हात मांडीखाली दाबून बसली.

खोलीत पंखाही फिरत नव्हता. लाईट गेलेली.

बराच वेळ काहीच झालं नाही...

मग स्क्रीनवरची काठी हळूच मागं गेली. कुणीतरी बोट ओढत असावं तशी.

सपकन!

चेंडू डावीकडं.

डुबुक...

या वेळी तिला कळलं, आवाज कुठून येतो ते. गेममधून नाही. फरशीखालून. खालच्या पार्किंगमधून.

तिनं स्क्रीनकडं पाहिलं. काचेवर ओला डाग होता. बोटाचा. चिखलाचा.

घरात हात धुवायला पाणी नव्हतं, आणि काचेवर ओला चिखल...

ती तशीच अनवाणी खाली पार्किंगमध्ये गेली. कुणीच नव्हतं. कोपऱ्यातली एक जागा रिकामी होती. ती तिच्याच फ्लॅटची. अभय कधीच तिथं गाडी लावायचा नाही, उन्हात रस्त्यावर लावायचा. का, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. आता तिनं त्या फरशीवर तळवा टेकवला.

बाहेर ऊन भाजत होतं. फरशी मात्र गार होती. बर्फासारखी.

संध्याकाळी अभय आला. टँकर येऊन गेला होता, दिवेलागण झाली होती. तिनं चहा दिला आणि गेम त्याच्यापुढं धरला.

"अहो, हे बघा. राम खेळतो अजून."

"कोण?" अभय हसला. "डोकं फिरलं का तुझं?"

"बघा तर."

तिनं फटका मारला. दोघं बघत राहिले.

काठी आपोआप मागं गेली...

अभयच्या हातातला कप कलला. चहा त्याच्या पायावर सांडला, त्याला समजलंही नाही. चेंडू डावीकडं गेला. डुबुक.

सत्यशीलाला तेवढंच ऐकू आलं. अभयला मात्र आणखी काहीतरी ऐकू आलं असावं. तो भिंतीला जाऊन चिकटला. दोन्ही कानांवर हात.

"मी नाय सोडला दोर! राम, मी नाय सोडला रे... तुटला तो!"

सत्यशीला दोराबद्दल एक शब्द बोलली नव्हती.

"कसला दोर?" तिनं विचारलं.

अभयनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

"अहो, कसला दोर?"

मग तो खाली बसला आणि बोलत गेला. इमारतीच्या जागेत जुनी विहीर होती. ती बुजवायची ठरली होती. आत एक मोटर अडकलेली. ती काढायला त्यानं रामला दोरानं खाली उतरवलं. दोर तुटला. वरून कड ढासळली. बिल्डरला फोन केला, तर तो म्हणाला, पोलीस आले तर काम बंद पडेल, तू पण आत जाशील. मुरमाचे टिपर आलेलेच आहेत. ओतून टाक.

"अन् तुमी ओतलं?"

"शीला, माझी मजबुरी होती गं."

"अन् चोर म्हणालात त्याला. माझ्या आईच्या तोंडावर."



सत्यशीला त्याच्यासमोर बसली. तिला एकच विचारायचं होतं.

"मुरूम टाकला तवा... तो जिता होता का?"

अभयनं मान खाली घातली. ती वर आलीच नाही.

त्या घरात तिनं पुन्हा पाणीसुद्धा घेतलं नाही. थेट पोलीस ठाण्यात गेली. खटपट बरीच झाली, पण शेवटी पंचांसमोर पार्किंगची ती फरशी फोडली गेली. पोलिसांनी अभयला आणलं होतं, बानाबाईलाही. ती काठावर उभी होती. रडत नव्हती. मी तिच्याजवळच होतो, म्हणून पुढचं ऐकीव नाही. डोळ्यांनी बघितलेलं आहे.

फरशीखाली मुरूम नव्हता.

टिपर भरभरून ओतलेला मुरूम, दगड, माती... काहीच नव्हतं. मोकळी विहीर होती. आणि आसपासचे सगळे बोअर आटलेले असताना ती काठोकाठ भरली होती. निवळशंख पाणी.

पंप लावून उपसा केला. तळ लागला. तळाला मोटर होती. दोराचा तुकडा होता.

राम नव्हता. एक हाडसुद्धा नाही.

अभय तिथंच शपथा घेऊ लागला. "मी सोता बघितलं ओ साहेब... आतच होता तो..."

बानाबाई त्याच्याकडं वळली. "तुला जावई नव्हतं मानलं रे मी," ती म्हणाली. "पोटचा मानला होता."

बाकी काही नाही. एवढंच.

मृतदेहच नाही, तर गुन्हा कसा टिकणार? अभय जामिनावर सुटला आणि शहर सोडून गेला. बिल्डरचं नाव कागदावरसुद्धा आलं नाही. सत्यशीला आईजवळ वस्तीवर राहते. तो गेम पोलिसांनी जमा केला. तिथं तो पुन्हा सुरूच झाला नाही म्हणतात.

उपसलेली विहीर रात्रीतून पुन्हा भरली होती. इमारतीतल्या लोकांनी मग तिला जाळी बसवली, मोटर टाकली. टँकर बंद झाले. त्यानंतर कितीतरी उन्हाळे गेले, ते पाणी हटलेलं नाही.

गेल्या वर्षी एका ओळखीच्या माणसाकडं कामानिमित्त जावं लागलं. पत्ता वाचला तेव्हाच ओळखलं. तीच इमारत. त्याच्या बायकोनं तांब्या-पेला आणून ठेवला.

"घ्या ना भाऊजी. आमच्या विहिरीचं हाय. लई गोड लागतं."

पेला ओठापर्यंत नेला...

नाही पिता आलं.

ती बाई दारात उभी राहून माझ्याकडं बघत होती. मागं तिची दोन लेकरं खेळून घामाघूम होऊन आली, आणि माठातून घटाघट पाणी प्यायला लागली.