पोच कोणी दिली?

हा प्रसंग खरा आहे. ज्या ऑफिसात घडला तिथे मी आजही कामाला आहे. तुम्हाला पटवायचा माझा आग्रह नाही, पण माझी सहकारी रेत्नो हिने दाखवलेली नोंद मी माझ्या डोळ्यांनी वाचली आहे.

इंडोनेशियातलं सेमारांग. गेल्या वर्षीच्या जूनमधला दुसरा मंगळवार. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं.

हो, दुपारचे. लख्ख ऊन होतं.

आमच्याकडे भरतीला समुद्र रस्त्यावर येतो. आमची छोटी कंपनी खाडीतल्या पाण्याची पातळी मोजते. पाण्यातली यंत्रं मेसेज सोडतात. त्या मेसेजसाठी ज्यांची ज्यांची नावं नोंदवलेली आहेत, त्या सगळ्यांना तो जातो. मिळाला, की पलीकडून पोच येते. पोच आली, की तो मेसेज संपला.

हे सगळं क्लाउडवर वेनिंगने उभं केलं होतं. हाताने एकेक जोडून नाही, कोड लिहून. काय काय हवं ते एका फाईलमध्ये लिहायचं. सिस्टीम ती फाईल वाचते, नसेल ते बनवते, जास्तीचं काढून टाकते.

"फाईलमध्ये नाही ते जगात नाही," असं वेनिंग म्हणायची.

त्याच वर्षी फेब्रुवारीत वेनिंग गेली. डेंग्यूने. चार दिवसांत.

रेत्नो तिच्यापेक्षा तीन वर्षांनी सीनियर. वेनिंगला पहिले धडे तिनेच दिलेले. आणि बढती मिळाली वेनिंगला. तिच्या कबरीवर फुलं टाकताना रेत्नोला हलकं वाटलं होतं. हे तिने फक्त मला सांगितलं.

पण गेल्यावरही वेनिंग हटेना.

"वेनिंगने हे दोन दिवसांत केलं असतं," आमच्या मॅनेजर एन्दाह बाई, म्हणजे इथल्या भाषेत बू एन्दाह, उसासा टाकायच्या.

शेजारच्या टेबलावरचा सेतो रेत्नोला म्बाक, म्हणजे ताई म्हणायचा, आणि वर मीठच चोळायचा. "रागावू नका, म्बाक रेत्नो. तिचा कोड एका बैठकीत वाचून होतो. तुमचा वाचताना मध्ये दोनदा चहा लागतो."

खाडीकाठच्या वस्तीला पुराचा इशारा देणारा भोंगा वेनिंगच्या हाती असायचा. मेसेज आला, की पाण्याचा आकडा तपासून ती भोंगा वाजवायची. तिची आई त्याच वस्तीत राहते. वेनिंगनंतर ते काम सेतो बघत होता, पण नोंदीत नाव तिचंच ठेवलं होतं त्याने.

"राहू दे ना," तो म्हणायचा.

शेवटी बू एन्दाहांनी ते काम रेत्नोकडे दिलं. सोमवारी तिने फाईल उघडली, वेनिंगचं नाव खोडलं आणि स्वतःचं घातलं.

सिस्टीमने विचारलं. एक नोंद नष्ट होईल, एक नवी बनेल. नक्की?

तिने 'हो' लिहिलं.

"लिहिताना इतकं बरं वाटलं गं," ती मला नंतर म्हणाली.

पहिला मेसेज आला. दुसरा आला नाही. तिसरा आला. चौथा… नाही.

"एका नावावर दोघं ऐकत असले, की असंच होतं," सेतो हसत म्हणाला. "एक तुम्हाला, एक त्याला. कुणाला वाटेकरी घेतलंत, म्बाक?"

कुणालाच नाही. जोडलेला फोन एकच होता. तिचा.

तिने नोंद उघडली. हरवलेल्या प्रत्येक मेसेजची पोच आलेली होती. म्हणजे कुणीतरी तो घेतला होता. घेणाऱ्याच्या रकान्यात…

काहीच नव्हतं.

पाचवा आला. सहावा नाही. आणि त्याच क्षणी वेनिंगच्या रिकाम्या टेबलाच्या खणात… काहीतरी थरथरलं. फोन थरथरतो तसं.

रेत्नोने खण उघडला. आत नुसती धूळ.

दुसरं कुणी घाबरलं असतं. रेत्नोच्या अंगाची आग झाली.

"मेली, तरी वाटा सोडत नाही," ती पुटपुटली.

मंगळवारी सकाळी तिने स्वतःच्या नावाची नोंद काढून टाकली आणि पुन्हा बनवली. सिस्टीमला तपासायला लावलं. उत्तर आलं, काहीही फरक नाही. जे लिहिलंय तेवढंच आहे.

ती रिकाम्या टेबलाकडे वळली.

"हे माझं आहे," ती हळूच म्हणाली. "तू गेलीस. आता ऐकणं बंद कर."

त्यानंतर… एकही मेसेज आला नाही.

खणही गप्प.

पाणी शांत असलं की मेसेज कमी येतात. तिने मनावर घेतलं नाही. दोन वाजता ती जेवायला बसली. उजवा हात भाताने बरबटलेला.

आणि दोन दहाला… लांबून भोंगा ऐकू आला.

अर्ध्या तासाने सेतो धावत आला. "बांध फुटला. वस्तीत छातीएवढं पाणी. पण सगळे आधीच वर पोचले होते. वेनिंगची आईसुद्धा."

बू एन्दाह केबिनबाहेर आल्या. त्यांनी रेत्नोच्या खांद्यावर हात ठेवला.

"मेसेज आल्यापासून चार सेकंदांत भोंगा. वेनिंगलाही हे कधी जमलं नव्हतं, रेत्नो."

हे वाक्य ऐकायला तिने सात वर्षं कान लावले होते.

तिने नोंद उघडली. भोंगा वाजवणाऱ्याच्या रकान्यात तिचं नाव होतं. शेऱ्यात दोनच शब्द.

'आई, ऊठ.'

रेत्नोची आई सोलोला राहते. समुद्रापासून कितीतरी लांब.

"थँक यू, बू," रेत्नो म्हणाली. आणि तिने नोंद बंद केली.

तेव्हापासून तिची कामं ती ऑफिसात यायच्या आधीच झालेली असतात. तिच्या नावाने. तिच्यापेक्षा चांगली. बढती मिळाली. सेतो आता अडलं की तिला विचारतो, आणि त्याला उत्तर मिळतं. ती न देताही.

"सगळे माझ्या नावाचं कौतुक करतात," ती एकदा म्हणाली. "आणि मला त्या नावाचाच हेवा वाटतो."

मध्यंतरी एका शुक्रवारी तिने राजीनामा दिला. सोमवारी तो मागे घेतलेला होता. तिच्याच नावाने.

त्या दुपारी आम्ही दोघी कोपऱ्यावरच्या टपरीत बसलो होतो.

"राजीनामा तूच मागे घेतला असशील, आणि विसरली असशील," मी म्हटलं.

तिने नुसती नकारार्थी मान हलवली. दोन्ही हात चहाच्या ग्लासभोवती. तिचा फोन टेबलावर पालथा.

माझा फोन वाजला.

रेत्नोचा मेसेज होता.

'तिचं ऐकू नकोस. मी कुठेही जात नाहीये.'

मी तो तिला दाखवला नाही. अजूनही दाखवलेला नाही. ती मात्र अधूनमधून विचारते, त्या दिवशी टपरीत कुणाचा मेसेज होता.

मी म्हणते, बँकेचा.