एकाच नळाचं पाणी

"अगं बाई, हे तर सगळ्या बाटल्या इथेच भरताहेत!" चष्मिस भिंतीआडून पुटपुटली.

पाणी खात्याच्या कचेरीमागे तपासनीस काका स्टुलावर ऐसपैस बसले होते. 'शाळेचा पंप', 'बाजारातला पंप' अशा चिठ्ठ्या लावलेल्या, प्रयोगशाळेत तपासायला पाठवायच्या बाटल्या एकामागून एक कचेरीतल्या फिल्टरच्या नळाखाली जात होत्या!

"उन्हात कोण तंगडतोड करणार?" ते शिपायाला म्हणाले. "पाणी ते पाणी!"

चष्मिसचा धाकटा भाऊ टिल्लू फिसकन हसला. मावसभाऊ लंबू मात्र शेवटच्या बाटलीकडे बघत राहिला. तिच्यावर लिहिलं होतं, 'खालची गल्ली'. ती त्याचीच गल्ली. सुट्टीसाठी ही भावंडं त्याच्याकडेच आली होती.

लंबूच्या आईच्या, म्हणजे मावशीच्या, तळहातांवर खरखरीत गाठी आल्या होत्या, अंगभर काळे ठिपके. परवा तिने तापलेलं पातेलं नुसत्या हाताने उचललं. कातडी पोळली तरी तिला कळलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "पंपाच्या पाण्यात आर्सेनिक असावं. जमिनीतलं विष ते! रंग नाही, वास नाही, उकळूनही जात नाही." पण खात्याचा अहवाल दरवर्षी तोच : पाणी उत्तम!

"उत्तम का, ते आता कळलं," लंबू म्हणाला. आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं.

"आपल्या गल्लीची बाटली आपणच भरू!" चष्मिस म्हणाली. "टिल्लू, तू काकांना बोलण्यात गुंतव."

"मीच का?"

"तुझं तोंड बंद कुठे असतं!"

टिल्लू छाती काढून पुढे गेला. "काका, मला मोठेपणी तपासनीस व्हायचंय! खूप हुशारी लागते ना?"

काका फुलून आले. "लागते तर! ये, बैस."

मग काय, त्यांची गाडी सुसाट सुटली! शिपाईही ऐकत बसला. तोवर लंबूने बाटली उचलली आणि चष्मिसबरोबर गल्लीच्या पंपाकडे धूम ठोकली. चष्मिसने पंप हापसला. बाटली नीट विसळून दोघांनी ती काठोकाठ भरली. परत येऊन ती बाकीच्या बाटल्यांच्या खोक्यात ठेवली, तरी काकांचं आत्मचरित्र चालूच होतं!

पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळेच्या बाई स्वतःच गल्लीत आल्या. तपासनीस काकांसकट सगळे पंपापाशी जमले.

"या पाण्यात मर्यादेच्या बारापट आर्सेनिक आहे," बाई म्हणाल्या.

"अशक्य!" तपासनीस काका ओरडले. "ते तर आमच्या फिल्टरचं..."

त्यांनी जीभ चावली. पण सगळ्यांनी ऐकलं होतं!

मग चष्मिसने पुढे होऊन सारी हकिगत सांगितली. पंपाला साखळी लागली. काकांना कचेरीत जाब द्यायला नेलं. सगळ्या पंपांचं पाणी पुन्हा तपासायचं ठरलं आणि संध्याकाळी टँकरही आला.

"शाब्बास रे पोरांनो!" बाईंनी तिघांची पाठ थोपटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लंबूला हसायला हवं होतं. तो नुसता उभा राहिला.

घरी मावशी उंबऱ्यावर बसली होती. टिल्लूने धापा टाकत सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मावशी, आता तू बरी होशील ना?" चष्मिसने विचारलं.

"डॉक्टरीणबाई म्हणतात, थोडंफार बरं वाटेल. बघू."

तिने तिघांना जवळ बसवलं. "फार मोठं काम केलंत रे. तुमचं खूप कौतुक करायचंय मला." मग म्हणाली, "उद्या करीन हं. आज काही सुचत नाही."

"चालेल," लंबू म्हणाला, आणि तिला टेकून बसला.