कुणीच नसलेली बाई

कादंबरी अडली होती ती एका म्हातारीपाशी. चष्म्याच्या दुकानातली नोकरी संपलेली, एकटी राहणारी बाई. लेखिकेने तिला दुखरे गुडघे दिले, एकच खुर्ची असलेली खोली दिली, लांबलचक दुपारी दिल्या, तरी संपादक फोनवर म्हणाले, "वाचून वाईट वाटत नाही हो. ती एकटी आहे असं तुम्ही नुसतं सांगता. मला ते दिसू द्या."

लेखिका आधी चिडली, मग कामाला लागली. तिने म्हातारीच्या स्वेटरचं बटण एक घर चुकवलं. म्हातारी तशीच बाजारभर फिरते, कारण निघताना "अगं, बटण बघ" म्हणणारं घरात कुणी नाही. लिहिता लिहिता लेखिकेलाच वाईट वाटलं. जमलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती ब्रेड आणायला गेली, तर दुकानदार हळूच म्हणाला, "बाई, बटण चुकलंय."

तिने खाली पाहिलं. खरंच की! निघताना नवरा दारातच तर उभा होता. त्याला कसं दिसलं नाही? दुकानदाराने न सांगताच अर्धा ब्रेड बांधून दिला, एकट्या माणसाला देतात तसा. येताना बसमध्ये तिच्याच वयाच्या एका बाईने उठून तिला जागा दिली. लेखिकेने अजून चाळिशीही गाठली नव्हती.

नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. "लिहायला बसलीस की तुझं कशात लक्ष असतं?" हसला, पण तिच्याकडे न बघता.

म्हातारीला एक बहीण होती, अधूनमधून फोन करणारी. संपादकांच्या मते तिच्यामुळे सगळं पातळ होत होतं. लेखिकेने ते प्रकरण काढून टाकलं आणि, का कोण जाणे, लगेच स्वतःच्या धाकट्या बहिणीला फोन लावला.

"कोण बोलतंय?"

"अगं, मी. ताई."

"चुकीचा नंबर लागलाय, काकू."

"पुरे झाली हं चेष्टा!"

"चेष्टा नाही हो." बहिणीचा आवाज एकदम मऊ झाला. "असू दे. घरी कुणी नाही का तुमच्या? बोला थोडा वेळ. मला घाई नाही."

लेखिकेने फोन ठेवला. म्हातारीच्या बहिणीला कादंबरीत परत आणायला बसली, पण तिचा चेहराच आठवेना.

ती धडपडत बाहेर आली. नवरा आणि मुलगी जेवत होते. दोघं दचकून उठले.

"आजी, तुम्ही आत कशा आलात?" मुलीने विचारलं.

नवरा वाकून, सावकाश, मोठ्याने म्हणाला, "बसा हं. पाणी देऊ?"

एवढी माया त्याच्या नजरेत तिने कधी पाहिली नव्हती. तिला ओरडताही येईना.

मुलीने हाताला धरून तिला रस्त्यावर आणलं. "तुमचं घर कुठलं?"

"हेच," असं ती म्हणणार होती. हात मात्र आपोआप समोरच्या इमारतीकडे गेला.

वरच्या खोलीत एकच खुर्ची होती. मुलीने तिला अलगद बसवलं, "येते हं" म्हणाली आणि जाताना दार ओढून घेतलं.

खुर्ची उबदार होती. नुकतंच कुणीतरी उठून गेल्यासारखी.