शामूची जीप चढाला का थांबायची

मोबाईल खाली ठेव गं अक्षरा. आणि बुद्धप्रिया, तू दार लोटून घे, वारं लई सुटलंय. भुताची गोष्ट पायजे न्हवं तुम्हाला? मग ऐका. पण ह्यात चिंचेवरची हडळ न्हाय आणि अमावस्याबी न्हाय. लख्ख चांदणं हुतं. मंगळवार, दहा डिसेंबर, दोन हजार चोवीस. आपल्याच मच्छे गावातली गोष्ट हाय, आणि ज्याच्यावर बेतली तो भावकू मिस्त्री अजून जित्ता हाय. खोटं वाटलं तर सकाळी जाऊन विचारा त्याला.

गाडीच्या डिझेल पंपाच्या कामात भावकूचा हात धरणारा पार निपाणीपर्यंत कोण न्हवता. पण माणूस तिरसट. त्याला काय सांगायला जावं, तर हात दाखवून अवलक्षण. त्याच्या गॅरेजात आपल्या गल्लीतला शामू यायचा, मालुबाईचा नवरा. कणकुंबीच्या एका मालकाची जुनी टर्बो डिझेल जीप चालवायचा. वीस वर्सांची गाडी, पण शामूनं आरशासारखी ठेवलती.

पावसाळा सरता सरता तिला रोग लागला. शामू सांगायचा, "मिस्त्री, सपाटीला हरणासारखी पळती, पर कणकुंबीच्या वाटंला जांबोटी गाव सोडून चढाला लागलं की दम सोडती. बंदच पडती. धा मिनटं थांबलं की परत चालू, जणू काय झालंच न्हाय."

भावकूनं फिल्टर बदलला. गाडी बंद पडली. पंप खोलून बघितला. बंद पडली. नोझल नवे घातले, टर्बोला शिव्या घातल्या, तरी बंद पडली. शामू बिचारा म्हणायचा, "एकदा टाकी उघडून बघूया की." भावकू खेकसायचा, "मला शिकवतोस व्हय रं?"

आता तुम्हीच सांगा. डिझेल कुठनं निघतं? टाकीतनं. मग तपास कुठनं करायचा? हे शेंबडं पोरगंबी सांगंल. पण पंपाच्या मिस्त्रीला सगळी खोट पंपातच दिसणार, आणि टाकी उघडायची म्हणजे सीट काढून डिझेलात हात बुडवायचा. मोठ्या मिस्त्रीला ते कमीपणाचं वाटलं. माझी तळपायाची आग मस्तकाला जाती हे सांगताना.

पाचव्या टायमाला शामू आला तवा गॅरेजाम्होरच्या कट्ट्यावर धा-बारा माणसं बसलती. भावकू भडकला. "गाडीत खोट न्हाय! तुझ्या पायात खोट हाय! ढोसायची आणि चढाला गाडी घालायची, मग बंद पडंल न्हाय तर काय हुईल?"

शामूनं तीन वर्सांमागं दारू सोडलती. सगळ्यांना ठावं हुतं. तरी कट्टा हसला. मीबी हसलो. ह्याच तोंडानं हसलो. थुत् तिच्या!

शामूनं किल्ली उचलली. मान खाली घालून गेला. दसऱ्यानंतर आठव्या दिवशी त्याच चढाला गाडी बंद पडली. जुन्या गाडीचं इंजन बंद पडलं की ब्रेक दगडासारखा हुतो, लवकर लागत न्हाय. जीप मागं घरंगळली आणि चरीत गेली. शामू जाग्यावर गेला. पोटात दारूचा थेंब न्हाय असं पोस्टमार्टमच्या कागदावर आलतं, पण कागद कोण वाचतंय? गल्लीनं ठरवून टाकलं, पिऊन मेला. मालुबाई नळावर गेली की बायका गप व्हायच्या. ती घरात बसली ती बसलीच.

मालकानं जीप ठोकून-रंगवून घेतली आणि पुन्हा भावकूकडंच धाडली, इंजन बघायला. काम संपलं त्या मंगळवारी. मालकाला सकाळी गाडी पायजे हुती. न्यायला ड्रायव्हर कोण तयार हुईना. "सगळे भित्रे," म्हणत भावकू स्वतःच निघाला. रात्री धा वाजता.

जांबोटीपर्यंत गाडी झकास. भावकू मनात म्हणाला, बघा, गाडीत कायबी न्हाय.

चढ लागला. दुसरा गिअर. इंजनचा आवाज दबला. भावकूनं ऍक्सिलेटर दाबला, तर उलट आणखी दबला. दोन गचके दिले आणि बंद.

त्यानं हँडब्रेक ओढला, उतरून चाकाला धोंडा लावला. पावणेअकरा झालते. रस्त्यावर चिटपाखरू न्हाय. बॅटरीचा उजेड पाडून त्यानं बॉनेट उघडलं आणि डिझेल ओढायचा हातपंप दाबला. दाबलेला पंप वर आला पायजे. आला न्हाय. खालीच चिकटून बसला.

मिस्त्रीच तो, त्याला तिथंच कळलं. मागनं डिझेल येत न्हवतं. मागं, टाकीकडं काय तरी अडलंय. शामू बोंबलून सांगत हुता तेच. आणि कळलं म्हणून त्याला लाज वाटली काय? न्हाय! राग आला. "मेल्यावरबी पाठ सोडंना," असं मोठ्यानं म्हणाला.

तवा त्याच्या नजरंसमोर पंपाचा लिव्हर हालला.

ऍक्सिलेटर दाबला की तो लिव्हर ओढला जातो. आपोआप हालत न्हाय. पायच पायजे. लिव्हर पूर्ण ओढला गेला... सुटला. परत ओढला गेला... सुटला.

भावकूनं बॉनेटच्या बाजूनं वाकून बघितलं. ड्रायव्हरची सीट रिकामी. चांदणं सरळ काचंतनं आत पडलेलं.

लिव्हर हालतच हुता. हळू. दमानं. जसा मुरलेला ड्रायव्हर पाय टाकतो तसा.

"कोण... कोण हाय रं?"

लिव्हर थांबला.

मग मागनं आवाज आला. टण्. पत्र्यावर बोटाचं हाड मारल्यावानी. थांबून परत. टण्. मागच्या सीटखालनं. टाकीवरनं.

भावकूला पळायचं हुतं. तो उताराकडं वळला. आवाज वाढला. टण् टण् टण् टण्... दार आपटावं तसा, चिडून. अख्खी जीप हादरायला लागली. चाकाखालचा धोंडा करकरला.

"बघतो!" भावकू वरडला. "बघतो रं बाबा, टाकी बघतो!"

आवाज बंद. रातकिडाबी बोलंना.

त्यानं मागची सीट काढली. पाना दोनदा पडला. टाकीवरचं झाकण खोललं, हात खांद्यापर्यंत डिझेलात घातला. ओढायच्या नळीच्या तोंडाला काय तरी मऊ चिकटलं हुतं. ओढलं. निघंना. परत ओढलं.

फडकं निघालं. हिरवं, केशरी काठाचं.

भावकूच्या बायकोच्या जुन्या लुगड्याचं फडकं. पावसाळ्यात टाकीचं टोपण हरवलं हुतं तवा त्यानंच तोंडाला कोंबलतं, टोपण येईपर्यंत. टोपण आलं. फडकं टाकीत घसरलं का भाईर पडलं, ह्याची चौकशी केली न्हाय. चढाला इंजन जोरात डिझेल ओढायचं, फडकं नळीला जाऊन बसायचं. इंजन बंद पडलं की ओढ सुटायची, फडकं बाजूला तरंगायचं. म्हणून धा मिनटांनी गाडी चालू. एवढंसं फडकं, आणि एक जित्ता माणूस गेला. वर त्यालाच दारुडा म्हणून मोकळे झालो आम्ही!

भावकू तिथंच रस्त्यावर बसला. किती येळ, त्याला ठावं न्हाय. चंद्र बुडला तवा उठला, सगळं जोडलं आणि गाडी मच्छ्याकडं फिरवली. कणकुंबीला गेलाच न्हाय.

साडेतीनला त्यानं मालुबाईचं दार वाजवलं. तिनं उघडलं. फडकं पुढं धरून तो कुजबुजला, "वैनी, शामू प्यालेला न्हवता. चूक माझी हाय."

मालुबाईनं फडकं बघितलं. मग म्हणाली, "माझ्या कानात काय सांगताय? मला ठावं न्हवतं व्हय? बोलताना तर सगळ्यांच्या म्होरं बोललासा. वाजवा हॉर्न!"

"वैनी, ह्या येळंला..."

"वाजवा म्हणते न्हवं!"

भावकूनं हॉर्न दाबला. सोडलाच न्हाय. गल्लीतले दिवे लागले, माणसं शिव्या देत भाईर आली. मीबी घोंगडं पांघरून आलो. आणि त्या तिरसट माणसानं, फडकं डोक्याच्या वर धरून, सगळं सांगितलं. पहिल्यापास्नं. मधी थांबला की मालुबाई म्हणायची, "म्होरं?" शेवटाला म्हणाली, "आणि दारूचं?"

"दारूचं मी खोटं बोललो," भावकू म्हणाला. "शामूच्या पायात खोट न्हवती."

 मी जाऊन तिच्यापुढं हात जोडले. दुसरं करणार काय? ती माझ्याकडं न बघताच घरात वळली. आणि उंबऱ्यातच थांबली.

"हे कुणी केलं?"

मी आणि भावकू तिच्या मागनं डोकावलो. आत स्टोव्ह थंड. भांडी सगळी पालथी. घरात ती एकटीच, आणि इतका येळ आमच्याबरं गल्लीत उभी. शामू बसायचा त्या पाटाशेजारी, जमिनीवर, चहाचा कप. अर्धा प्यालेला. वाफ येत हुती अजून.

मालुबाई खाली बसली. तिनं कपाला हात लावला न्हाय. बॅटरी माझ्या हातात हुती, मी उजेड पाडला.

चहावर डिझेलचा तवंग हुता. निळा-जांभळा. हळूहळू फिरत.