उजव्या कानातला वर्ग

बसा, चहा येतोय. तोवर सांगतो. पटलं नाही तर हसून सोडून द्या.

लातुरात क्लास काढायला अक्कल लागत नाही, जागा लागते. आमचे मालक विरूपाक्ष सर हा त्याचा चालताबोलता पुरावा. लग्नाच्या शूटिंगचं दुकान बंद करून मी त्यांच्याकडे लागलो. काम एवढंच, की लेक्चरं रेकॉर्ड करायची आणि ॲपवर चढवायची. आमच्याकडचा माईक फक्त डाव्या बाजूला आवाज देतो, उजवी बाजू मुकी. म्हणून एक्स्पोर्ट करताना मी मोनो लावायचो. एकच आवाज दोन्ही कानांना, फाइलही छोटी. फळ्यावरच्या गणिताला आणखी काय हवं?

पण मालक अर्ध्या हळकुंडानं पिवळे झालेले. कुठूनतरी ऐकून आले आणि म्हणाले, स्टिरिओ कर, बिटरेट सगळ्यात वरचा ठेव, आपला क्लास भारी वाटला पाहिजे. उजव्या कानात काहीच येणार नाही, असं मी सांगितलं. तर म्हणे, ते सॉफ्टवेअर बघून घेतं. घेऊ दे, म्हटलं.

लगेच तक्रार आली. किनवटकडच्या दोन मुली होस्टेलवर एकच इयरफोन वाटून घेतात, एकीला डावा, दुसरीला उजवा. डावीला आमचे गणिताचे शेषेराव सर शिकवताना ऐकू येत. उजवीला सर येत नव्हते, पण पोरं उत्तरं देताना येत होती. आता, रेकॉर्डिंगच्या खोलीत सरांशिवाय चिटपाखरू नसतं. मालकांनी खापर माझ्यावर फोडलं, कुठलंतरी जुनं मिसळलं असशील म्हणून.

भर दुपारी मी एडिटिंगला बसलो. त्या खोलीला खिडकी नाही. भिंतींना फोम, त्याला ओल्या गोणपाटाचा वास. हेडफोन चढवून डावी बाजू बंद केली. आधी नुसती घरघर. शेषेराव सरांना एक खोड होती, रिकाम्या खोलीतही "समजलं का?" विचारून ते क्षणभर थांबायचे. मला त्याचं हसू यायचं. नेमकं त्या थांब्यात उजवीकडून बारीक आवाज आले, सगळे मिळून...

"हाव सर..."

पुढच्या थांब्यातही तेच. मागच्या आठवड्याच्या लेक्चरातही तेच. मधेच कुणीतरी खोकलं, धुळीत खोकावं तसं. मी हेडफोन काढून टाकला.

सरांना बोलावून ऐकवलं. ते बराच वेळ डोळे मिटून ऐकत राहिले. मग सांगू लागले. त्र्याण्णवला ते किल्लारीकडच्या एका वाडीवर चौथीचे मास्तर होते. भूकंपाच्या आदल्या दिवशी ते इथं लातुरात एका क्लासमध्ये नोकरी विचारायला आले आणि रात्री इथंच मुक्कामाला राहिले, म्हणून वाचले. वाडी झोपेतच गाडली गेली. वर्गातलं एकही लेकरू उरलं नाही.

"माझीच चौथी हाय ही, मुनीब," ते मला म्हणाले. "अजून वाट बघून राहिलेत. माईक लाव. त्यांना एकदा घरी पाठवू दे मला."

म्हाताऱ्याचं डोकं हललं, असं मी मनात म्हटलं. पण माईक लावला. सर फळ्यासमोर उभे राहिले.

"पोरांनो, शाळा सुटली... आता घरी जा. माझी वाट बघू नका."

एवढं बोलून ते क्षणभर थांबले, हात जोडले आणि रिक्षानं घरी गेले. बायको तारामतीबाई वारल्यापासून ते एकटेच राहतात. निघताना त्यांचा चेहरा मोकळा दिसला. मलाही बरं वाटलं.

मी उजवी बाजू ऐकायला घेतली. दप्तरं उचलल्याचे आवाज. पावलं. मग अगदी माईकजवळ एक मुलगी...

"घरं पडली, सर... तुमच्याकडंच येतो."

त्यानंतर उजवी बाजू साफ मुकी झाली. मालकांना ऐकवलं, तर त्यांचं लक्ष मोबाइलमध्ये. म्हणाले, बघ, आता कसा स्वच्छ झाला आवाज, चढव ॲपवर. असल्या माणसाच्या वाटेला भूतही जात नाही.

संध्याकाळी राहवेना, सरांना फोन लावला. मी काही बोलायच्या आधीच ते कुजबुजले.

"हळू बोल, मुनीब... लेकरं आत्ता कुठं झोपलीत."